उचंत खात्यातील प्राणी

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याच्या पूर्व किनाऱ्यावर मकाय नावाचे शहर आहे. ऊस आणि कोळसा या दोन मालांवर त्याचा सारा व्यवहार चालतो. कोळसा दूरच्या खाणींतून येतो आणि शहराच्या दक्षिणेकडील बंदरांतून जहाजांवर चढतो. ऊस मात्र गावाच्या वेशीपासूनच सुरू होतो. पायोनियर नदीच्या खोऱ्यातून पश्चिमेकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना दृष्टी पोहोचेल तिथवर ऊसच. आम्ही गेलो तो ऑगस्ट महिना होता, म्हणजे तिकडच्या हिवाळ्याचा शेवट आणि गळिताचा ऐन हंगाम. शेतांच्या कडेने, दोन फुटी रुळांवरून, उसाने भरलेल्या जाळीदार डब्यांची लांबलचक गाडी कारखान्याकडे चाललेली पाहिली आणि मिरज-लातूर मार्गावरच्या आपल्या जुन्या नॅरोगेज गाडीची आठवण झाली. ज्याची निम्मी नोकरी सांगली जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या आणि ऊसउत्पादकांच्या कर्जखात्यांवर सह्या करण्यात गेली, त्याला परदेशात इतके घरचे वाटणारे दृश्य क्वचितच भेटते. फरक एवढाच की तोडणी सारी यंत्रांनी चाललेली. कोयते नाहीत, बैलगाड्या नाहीत, फडाच्या कडेला पाचटाच्या झोपड्याही नाहीत.

खोरे संपते तिथे क्लार्क डोंगररांग भिंतीसारखी आडवी येते. रस्ता एकदम चढू लागतो, मोटारीचे इंजिन कण्हू लागते, आणि घाट संपला की आपण सुमारे सातशे मीटर उंचीवरच्या यंगेला या छोट्या वस्तीत पोहोचतो. इंग्रजी स्पेलिंग वाचून या नावाचा उच्चार मुळीच सापडत नाही. मूळ रहिवाशांच्या भाषेत त्याचा अर्थ ‘ढगांचा प्रदेश’ असा सांगतात, आणि तो त्या दिवशी तरी खरा होता. खाली उन्हात चमकणारा ऊस, वर ओले धुके. तिथून आणखी पाचेक किलोमीटर गेले की यंगेला राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत ब्रोकन नावाची नदी लागते. नदी कसली, आपल्याकडचा मोठा ओढाच म्हणावा. दोन्ही काठांवर घनदाट वर्षावन, पाण्यावर झुकलेल्या फांद्या, आणि काठाला लागून लोकांना उभे राहण्यासाठी बांधलेला एक लाकडी मंच. मकायपासून इथवर जेमतेम पंच्याऐंशी किलोमीटर. रानात, मोकळ्या पाण्यात, प्लॅटिपस हमखास दिसण्याच्या ज्या मोजक्या जागा ऑस्ट्रेलियात आहेत, त्यांत या ओढ्याचे नाव वरचे आहे.

प्लॅटिपस पाहायचा हा हट्ट माझाच होता. कन्या ब्रिस्बेनमध्ये राहते. तिच्याकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा आयुष्यभराच्या सवयीने आधी तिथली नाणी पाहिली. वीस सेंटच्या नाण्यावर पाण्याच्या वलयांमध्ये पोहणारा, बदकाच्या चोचीचा एक केसाळ प्राणी होता. १९६६ साली ऑस्ट्रेलियाने पौंड-शिलिंग सोडून दशमान चलन स्वीकारले, तेव्हापासून तो या नाण्यावर आहे. स्टुअर्ट डेव्हलिन या शिल्पकाराने ते चित्र काढले. एखादे राष्ट्र आपल्या रोजच्या चलनावर असा प्राणी कोरते, तर तो आहे तरी कसा, ही उत्सुकता मनात राहिली. या खेपेला जावयांनी विमानाची तिकिटेच काढली.

पहाटे आणि सायंकाळी हा प्राणी बाहेर पडतो. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याची आपली रीत इथे आयतीच उपयोगी पडली. पाच वाजता दशम्या-चटणी आटोपून सौ., कन्या, जावई, नऊ वर्षांचा नातू आणि मी असे पाचजण मंचावर जाऊन उभे राहिलो. बोलायचे नाही, कठड्यावर हात आपटायचे नाहीत, पाण्याकडे बघत राहायचे. तिथे आधीच उभ्या असलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी नातवाला खुणेने जवळ घेतले आणि कुजबुजत सांगितले, “प्राणी शोधू नकोस, बुडबुडे शोध.” साखर कारखान्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ आठवड्यातून दोनदा तरी इथे येतात, असे मागाहून कळले.

वीस मिनिटे कासवांखेरीज काही दिसले नाही. मग पलीकडच्या काठाशी बारीक बुडबुड्यांची एक रेघ उमटली, पुढे सरकली, आणि तिच्या टोकाशी पाणी फुगून तपकिरी पाठ वर आली. पहिली प्रतिक्रिया आश्चर्याची, ती त्याच्या आकाराने. पुस्तकातल्या चित्रांवरून मी निदान कुत्र्याएवढा प्राणी मनात धरला होता. हा मांजरापेक्षाही लहान! थंड टास्मानियात नर दोन किलोंच्या वर भरतो. इकडे उत्तरेकडे अंगकाठी बारीक, पुष्कळदा किलोभरच. तो पाण्यावर पसरून पडला, चोच डावी-उजवी हलवत काहीतरी चघळत राहिला, आणि दहा-बारा सेकंदांनी पाठीची कमान करून पुन्हा बुडी मारली. अर्ध्या-पाऊण मिनिटाने चार हात पुढे वर आला. पुन्हा चघळणे, पुन्हा बुडी. अंधार पडेपर्यंत हा क्रम चालू होता. त्याला आमच्याशी काही देणेघेणे नव्हते.

हे चघळणे काय असते ते समजून घेण्यासारखे आहे. तळाच्या चिखलातले किडे, अळ्या, गांडुळे, झिंगे तो टिपतो आणि माकडासारखा गालांच्या पिशव्यांत साठवतो. प्रौढ प्लॅटिपसला दात नसतात. पिलाला लहानपणी येतात आणि बिळाबाहेर पडायच्या सुमारास गळून जातात. पुढे शिंगासारख्या कठीण गाद्यांमध्ये, तळाच्या वाळूच्या मदतीने, तो अन्न रगडतो. रगडणे पाण्याखाली जमत नाही, म्हणून वर यावे लागते.

पण त्याहून मोठी नवलाची गोष्ट पाण्याखाली घडते, आणि ती मंचावरून दिसत नाही. बुडी मारताक्षणी तो डोळे मिटतो. डोळा आणि कान एकाच खाचेत असल्याने तीही बंद होते. नाकपुड्यांवर झडप पडते. दिसत नाही, ऐकू येत नाही, वास येत नाही अशा अवस्थेत, अंधारात, गढूळ पाण्यात तो दगडाखाली दडलेला झिंगा अचूक पकडतो. हे कसे जमते याचा उलगडा १९८० च्या दशकात झाला. कोणत्याही सजीवाचे स्नायू आकुंचन पावले की अत्यंत क्षीण विद्युत उत्पन्न होते. प्लॅटिपसच्या चोचीच्या कातडीत ही विद्युत टिपणारी सुमारे चाळीस हजार सूक्ष्म इंद्रिये ओळींनी मांडलेली आहेत, आणि पाण्याची हालचाल टिपणारी सुमारे साठ हजार निराळी. संशोधकांनी पाण्यात विजेरीचा लहानसा सेल ठेवला तेव्हा प्लॅटिपस त्यावर भक्ष्य समजून तुटून पडला. १९८६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चोच म्हटले तरी ती पक्ष्याच्या चोचीसारखी कठीण नसते. मऊ, ओलसर, रबरासारखी असते. डोके सतत डावी-उजवीकडे फिरवत, आंधळ्याने काठी फिरवावी तसा, तो तळ चाचपत जातो.

आपल्याकडे जीवांची मोजदाद इंद्रियांवरून होते, त्यामुळे ही हकीकत वाचताना जैन वाचकाच्या मनात साहजिकच प्रश्न उठतो: हे सहावे इंद्रिय मानावे काय? मला तसे वाटत नाही. ही संवेदना चोचीच्या त्वचेतच आहे, तेव्हा ती स्पर्शनेंद्रियाच्याच खात्यात जमा करावी. विशेष हे की पाच इंद्रियांचा धनी असलेला हा जीव पोट भरायला निघताना चक्षू, घ्राण आणि श्रोत्र या तिघांची कवाडे आपणहून लावून घेतो आणि सारा भरवसा स्पर्शावर टाकतो. अभ्यासू मुनिजनांनी यावर अधिक प्रकाश टाकावा.

रात्री नदीकाठच्या खोलीत हीटर लावून बसलो असता नातवाने विचारले, “आजोबा, याला पहिल्यांदा कोणी शोधलं?” हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. त्याचे एक उत्तर कागदोपत्री आहे आणि दुसरे खरे आहे.

कागदोपत्री उत्तर असे. न्यू साउथ वेल्सचे गव्हर्नर जॉन हंटर यांनी १७९७ मध्ये हॉक्सबरी नदीजवळच्या एका पाणथळीवर आदिवासी माणसाला या प्राण्याची भाल्याने शिकार करताना पाहिले. त्यांनी एक कातडे आणि रेखाचित्र इंग्लंडला रवाना केले. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील जॉर्ज शॉ यांनी १७९९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन छापले, पण मनातली शंकाही लपवली नाही. त्या काळी पूर्वेकडच्या बंदरांतून माकडाचे धड आणि माशाची शेपूट शिवून केलेल्या ‘जलपऱ्या’ भोळ्या दर्यावर्दींना विकल्या जात. हाही तसलाच बनावट माल असावा, चोच कुठेतरी शिवली असावी, असा संशय येणे अगदी वाजवी होते. तारण म्हणून आलेला दागिना कसोटीवर घासून पाहणाऱ्याला शॉ साहेबांचा दोष दिसणार नाही. टाका काही सापडला नाही.

नामकरणातही भानगड झाली. शॉ यांनी ‘प्लॅटिपस’, म्हणजे सपाट पायाचा, असे नाव ठेवले. पण ते एका भुंग्याच्या कुळाला आधीच दिले गेले होते. आपल्याकडे एका फर्मच्या नावाने दुसरी फर्म नोंदवता येत नाही, तसाच तिकडचा नियम. मग जर्मन शास्त्रज्ञ ब्लुमेनबाख यांनी १८०० मध्ये दिलेले ‘ऑर्निथोर्हिंकस’, म्हणजे पक्षिमुखी, हे कुळनाव दप्तरी कायम झाले. लोकांच्या तोंडी मात्र रद्द झालेले नावच राहिले.

खरी अडचण पुढे होती. केस आहेत, म्हणून सस्तन प्राणी म्हणावे, तर स्तनाग्रे नाहीत. मलमूत्र आणि प्रजनन यांना मिळून एकच द्वार आहे, जसे पक्ष्यांना आणि सरड्यांना असते. मग पिले होतात की अंडी? खतावणी करताना एखाद्या रकमेचे शीर्षक निश्चित होत नाही तेव्हा ती उचंत खात्यात टाकावी लागते, हे व्यापारी वाचकांना सांगायला नको. मात्र ती रक्कम तिथे फार काळ राहू नये, लेखापरीक्षक पहिला प्रश्न तीवरच विचारतात. प्लॅटिपस या उचंत खात्यात पंच्याऐंशी वर्षे पडून होता. फ्रान्सचे जॉफ्रॉय सेंट-हिलेर म्हणत, हा सस्तनच नव्हे. जर्मनीच्या मेकेल यांनी १८२० च्या दशकात मादीच्या पोटाशी दूधग्रंथी दाखवून दिल्या, तर त्या दुधाच्या नव्हेतच असा वाद घातला गेला. इंग्लंडचे रिचर्ड ओवेन यांनी दूध मान्य केले, पण अंडी पोटातच फुटून पिले बाहेर येत असावीत, हा हट्ट धरला. दूध देणारा जीव अंडी घालू शकत नाही, हे त्यांनी आधीच ठरवून ठेवले होते. तत्त्वार्थसूत्रात गर्भजन्माचे जरायुज, अंडज आणि पोत असे प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत दुधाची अट कुठे घातलेली नाही. त्या चौकटीत हा प्राणी सरळ अंडज म्हणून बसला असता. युरोपातल्या विद्वानांनी जन्म आणि पोषण या दोन गोष्टी एकाच रकान्यात घातल्या, आणि म्हणून त्यांची बेरीज जुळेना, असे माझे अल्पमत आहे.

आता खरे उत्तर. नदीकाठी हजारो वर्षे राहणाऱ्या लोकांना हे ठाऊक होते. कूकूगाँग नावाच्या एका आदिवासी प्रमुखाचे म्हणणे १८२२ मध्ये लंडनच्या लिनीअन सोसायटीपर्यंत पोहोचले होते: हा प्राणी दोन अंडी घालतो आणि ही गोष्ट आमच्यात सर्वांना माहीत आहे. अंड्यांचा आकार त्याने कोंबडीच्या अंड्याएवढा सांगितला. प्रत्यक्षात ते दीड-पावणेदोन सेंटिमीटरचे, मऊ कवचाचे असते. मापात चूक होती, पण नोंद बरोबर होती. तिकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. सावकाराच्या वहीतला शब्द खरा आणि कुळाचा तोंडी शब्द खोटा, हा न्याय आपल्या मुलखालाही नवा नाही.

शेवटी केंब्रिजहून विल्यम कॉल्डवेल हा तरुण शास्त्रज्ञ क्वीन्सलँडच्या बर्नेट नदीवर येऊन ठाण मांडून बसला. ज्यांचे म्हणणे साठ वर्षे मानले नव्हते, त्याच आदिवासींना मजुरी देऊन त्याने प्राणी गोळा करायला लावले. प्लॅटिपस आणि त्याचा काटेरी भाऊबंद एकिड्ना मिळून शेकडो जीव मारले आणि चिरले गेले. ऑगस्ट १८८४ मध्ये त्याने एक मादी गोळी घालून पाडली. तिने एक अंडे नुकतेच घातले होते आणि दुसरे बाहेर येण्याच्या वाटेवर होते. माँट्रियलमध्ये भरलेल्या ब्रिटिश विज्ञान परिषदेला त्याने अवघ्या चार शब्दांची तार केली: हे एकद्वारी प्राणी अंडी घालतात, आणि अंड्याची जातकुळी सरपटणाऱ्यांसारखी, एवढाच त्याचा आशय. त्याच दिवसांत ॲडलेडला विल्हेल्म हाके यांनी एकिड्नाचे अंडे सभेसमोर ठेवले. उचंत खाते बंद झाले. सस्तन प्राण्यांत अंडी घालणाऱ्यांचा निराळा रकाना उघडला गेला. एका नोंदीच्या दुरुस्तीसाठी इतके जीव जावेत, आणि तेही जी गोष्ट विचारून कळली असती तिच्यासाठी, हे वाचून सौ. उठून बाहेर गेली. मीही पुस्तक मिटले.

नातवाला मात्र यापेक्षा पुढच्या गोष्टीत रस होता. त्याला शाळेत सांगितले होते की प्लॅटिपसला पोट नसते. ते खरे आहे. अन्ननलिका सरळ आतड्याला मिळते. मध्ये आम्ल स्रवणारी जठराची पिशवीच नाही, आणि ते आम्ल तयार करण्याची जनुकेही या वंशातून नाहीशी झालेली आहेत. “मग त्याला भूक कुठे लागते?” या प्रश्नाचे उत्तर एम.कॉम. माणसाकडे नव्हते आणि इंजिनिअर जावयांकडेही नव्हते.

त्याच्या शरीरात अशा चमत्कारिक नोंदी पानोपानी आहेत. नराच्या मागच्या पायाला घोट्याशी पोकळ नखी असते आणि ती मांडीतल्या विषग्रंथीला जोडलेली असते. विणीच्या हंगामात, म्हणजे आम्ही गेलो त्याच सुमारास, विष वाढते. नरानरांच्या झुंजीत ते वापरले जाते. माणूस त्याने मरत नाही, पण वेदना अशी की मॉर्फिनलाही दाद देत नाही आणि सूज व दुखणे काही आठवडे टिकते. सोडवायला म्हणून हातात धरलेल्यालाच तो नखी मारतो. या विषातच ॲडलेडच्या संशोधकांना २०१६ मध्ये इन्सुलिन स्रवायला लावणाऱ्या एका संप्रेरकाचे अधिक टिकाऊ रूप सापडले. आपल्या समाजातल्या मधुमेहाचे प्रमाण पाहता ही बातमी जपून ठेवावी अशी आहे, औषध निघेल तेव्हा निघेल. लिंग ठरवणारी गुणसूत्रे आपल्यात दोन, याच्यात दहा. शरीराचे तापमान बत्तीस अंश, आपल्याहून पाच अंश कमी. फर इतकी दाट की एका चौरस मिलिमीटरात सहाशे ते नऊशे केस. म्हणून तर एके काळी त्याच्या कातड्यांच्या गोधड्या आणि कोट शिवले जात. विसाव्या शतकाच्या आरंभी कायद्याने तो धंदा बंद पाडला, हे चांगले झाले.

सौ.ला भावली ती मादीची हकीकत. अंडी घालण्यापूर्वी ती काठाच्या मातीत कित्येक मीटर लांब बीळ खोदते. ओली पाने शेपटीखाली दाबून आत नेते आणि मऊ अंथरूण करते. बिळात ठिकठिकाणी मातीचे बांध घालून स्वतःला आत कोंडून घेते. पोट आणि दुमडलेली शेपटी यांच्या मध्ये अंडी धरून सुमारे दहा दिवस उबवते. पिले निघतात ती शेंगदाण्याएवढी, उघडीनागडी. पाजायला स्तनाग्रे नाहीत. पोटावरच्या दोन जागी त्वचेतून दूध पाझरते आणि पिले केसांतून ते चोखतात. असे तीन-चार महिने. नर या कशातही नसतो. “म्हणजे बाळंतपण आणि बैठक दोन्ही तिच्याच गळ्यात,” हा सौ.चा शेरा मी इथे मुद्दाम नोंदवतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मंचाकडे जाताना वाटेत ते कालचे वृद्ध गृहस्थ भेटले. बोलता बोलता त्यांनी एका बेडकाची गोष्ट सांगितली. ती मला प्लॅटिपसपेक्षाही जास्त काळ पुरली आहे.

याच यंगेलाच्या रानात, याच डोंगरातल्या ओढ्यांत, जानेवारी १९८४ मध्ये शास्त्रज्ञांना बेडकाची एक नवी जात आढळली. त्या बेडकाची मादी फलित अंडी गिळून टाकी. जठरातले आम्ल बंद पडे, खाणेपिणे बंद होई, आणि कित्येक आठवडे जठराचा गर्भाशय होऊन राही. मग ती तोंड उघडी आणि आतून पूर्ण वाढलेली बेडकाची पिले एकामागून एक बाहेर पडत. जठराचे आम्ल हुकमाने बंद करता येते, या एका गोष्टीत माणसाच्या अल्सरवर केवढा इलाज दडला असेल, अशी आशा वैद्यकातल्या लोकांना वाटत होती. मार्च १९८५ मध्ये तो बेडूक शेवटचा दिसला. त्यानंतर आजतागायत नाही. दक्षिण क्वीन्सलँडमधली त्याची बहीणजात तर त्याच्याही आधी गेली. बेडकांच्या कातडीवर वाढणारी एक घातक बुरशी जगभर पसरली, तिच्यावर संशय आहे. जगाच्या वहीत नाव चढले आणि चौदा महिन्यांत खाते बंद.

प्लॅटिपसची स्थिती तितकी वाईट नाही, पण निश्चिंत राहावे अशीही नाही. आंतरराष्ट्रीय यादीत तो धोक्याच्या उंबरठ्यावर आहे. व्हिक्टोरिया राज्याने २०२१ मध्ये त्याला असुरक्षित ठरवले. दुष्काळात ओढे आटतात, धरणांनी पाण्याचे वेळापत्रक बदलते, काठ खचले की बिळे जातात. झिंगे पकडण्याचे ऑपेरा हाऊसच्या आकाराचे बंदिस्त पिंजरे हा आणखी एक काळ. हवेत श्वास घेणारा प्राणी आत शिरला की दोन-चार मिनिटांत गुदमरतो. व्हिक्टोरियाने २०१९ पासून ते पिंजरे बंद केले, मागोमाग इतरांनीही. केसांची रबरे, बाटल्यांच्या झाकणाखालची प्लास्टिकची कडी, असल्या गोल वस्तू त्याच्या गळ्यात आणि बगलेत अडकतात आणि हळूहळू मांसात रुततात. हे कळल्यापासून आमच्या कन्येच्या घरी अशी प्रत्येक कडी कात्रीने तोडूनच कचऱ्यात टाकतात. काम नातवाकडे आहे आणि तो ते फार कडकपणे करतो.

यंगेलावर स्वतंत्र संकटही येऊन गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये क्वीन्सलँड सरकारने याच डोंगरात पाच हजार मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प जाहीर केला. आपल्या घाटघरचा असाच प्रकल्प अडीचशे मेगावॅटचा आहे, म्हणजे त्याच्या वीसपट. वर मोठे जलाशय, खाली दुसरा; दिवसा सूर्याच्या विजेने पाणी वर चढवायचे आणि रात्री सोडायचे. कोळशाला पर्याय हवा, हे कोणीही मान्य करील, आणि कर्जप्रस्ताव म्हणून पाहिला असता तर माझाही पहिला कल अनुकूल झाला असता. पण वरच्या जलाशयांखाली जाणार होते ते प्लॅटिपसचे ओढे आणि खोऱ्यातल्या लोकांची घरे. गावकऱ्यांनी दोन वर्षे झुंज दिली. खर्चाचा अंदाज तिप्पट झाला, सरकार बदलले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रकल्प रद्द झाला. प्लॅटिपसमुळे रद्द झाला असे म्हणता येणार नाही, आकड्यांमुळे झाला. “आकडे पुन्हा जुळले तर?” असे मी त्या गृहस्थांना विचारले. ते म्हणाले, “तेव्हा मी नसेन. तुमचा हा नातू असेल.” एवढे बोलून ते पाण्याकडे बघू लागले.

त्या सकाळी पाण्यावर वाफेसारखे धुके होते. सहाच्या सुमारास एक प्लॅटिपस आला, आणि थोड्या वेळाने दुसरा, जरा लहान; मादी असावी. ती समोरच्या काठाला समांतर दोनदा फिरली, मुळांच्या जाळ्याशी थांबली, शेपटी पोटाखाली घेतल्यासारखी वाटली, आणि काठाखाली शिरली. नातवाने माझ्या मनगटावरच्या घड्याळात वेळ पाहून ठेवली. पाच मिनिटे झाली, दहा झाली, वीस झाली. ती काही वर आली नाही. बुडबुड्यांची रेघही उमटली नाही. मकायहून विमान अकराचे होते आणि जावई दोनदा मोटारीची किल्ली वाजवून गेले होते. “अजून पाच मिनिटं, आजोबा,” नातू म्हणाला, आणि आम्ही दोघे थांबलो.